मोहाचा त्याग

मोहफुलाचा वास आला की मला देवाची आठवण होते. हे वाक्य मी आयुष्यात फार थोड्या लोकांसमोर बोललो आहे, आणि त्यातले निम्मे माझ्या तोंडाचा वास घ्यायला पुढे सरकले. म्हणून आधीच सांगून टाकतो, मी त्यातला नाही. माझं पोट आणि माझी बायको, दोघांनाही ते चालत नाही. पण चैत्रात आमच्या भागात फिरताना झाडाखाली ती पिवळट, रसानं फुगलेली फुलं पडलेली दिसली आणि तो जड, गोड, जरासा आंबूस वास नाकात शिरला, की माझा हात आपोआप टोपीकडे जातो. बरोबरच्या माणसाला वाटतं, उन्हानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फिरलं होतं खरं, पण ते फार पूर्वी.

बाबा ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे पादरी होते. आम्ही भंडाऱ्यात देवळाच्या मागच्या तीन खोल्यांत राहायचो. कौलं जुनी होती आणि मागच्या गल्लीत पितळेची भांडी घडवणारे राहत. सकाळी उजाडलं की ठोक-ठोक सुरू व्हायची, ती जेवणाच्या वेळी थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की रविवारी तो बंद असला की बाबांना उपदेशात आपण काहीतरी विसरतो आहोत असं वाटायचं. बाबा उपदेशाची तयारी न्हाणीघरात करत. पहिला मुद्दा पहिल्या तांब्याला, दुसरा दुसऱ्याला. थंडीत उपदेश आपोआप आखूड व्हायचा. ते नगरकडचे, नोकरीही सगळी त्याच बाजूला झालेली. भंडाऱ्याला बदली झाली तेव्हा माझी शाळा संपत आली होती. आई मात्र तुमसरची, तांदळाच्या गिरणीच्या भोंग्यावर वाढलेली. त्यामुळे घरात दोन मराठ्या नांदायच्या. बाबा म्हणत 'मला', आई म्हणे 'मले'. मी दोन्हीकडून मार खायचो, एकाकडून शुद्ध आणि दुसरीकडून खरा. बाबांना भाकरी हवी असायची आणि आईच्या चुलीला भात सोडून दुसरं काही उमगत नव्हतं. लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि भाताचा डोंगर. बाबा त्या डोंगराकडे पाहून आभाराची प्रार्थना करत, आणि तिच्यात किंचित तक्रार असायची असं आई म्हणायची.

मी त्या वर्षी नागपूरच्या कॉलेजातून परत आलो होतो. परत आलो हा सभ्य शब्द झाला. नापास होऊन, ट्रंक घेऊन आलो होतो. बाबा रागावले नाहीत. त्यांनी कपाटावरची बाजाची पेटी काढली, धूळ झटकली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "रविवारी दुपारी तुरुंगात यायचं," म्हणाले. मला वाटलं ही शिक्षाच आहे, आणि कैद्यांनाही पुढे तसंच वाटलं, कारण मला तीनच गीतांच्या चाली येत होत्या आणि त्यातल्या दोन एकच होत्या. तर दर रविवारी आमची मिरवणूक निघायची. बाबा सायकल हातात धरून पुढे, कॅरिअरवर पेटी बांधलेली आणि मी मागून ती धरून चालणारा. रस्त्यावरचे लोक विचारायचे, "काय गा नत्थू, पेटी दुरुस्तीले चालली का?" माझं नाव नथनएल, पण भंडाऱ्यात ते कोणालाच परवडलं नाही.

तुरुंगाच्या आत एक मोठा निंब होता. त्याच्याखाली आमची उपासना व्हायची. येणाऱ्यांत ख्रिस्ती चार-पाचच. बाकीचे सावलीसाठी, गाण्यासाठी, आणि रविवारची दुपार बराकीत जाता जात नाही म्हणून. कोणी जंगलातलं लाकूड तोडून आलेला, कोणी शेताच्या धुऱ्यावरून भावाशी भांडून आलेला, आणि बरेचसे हातभट्टीवाले. लाखांदूरकडचा मिलिंद नावाचा एक तरुण होता, बौद्ध घरातला, तळ्याच्या पाण्यावरून झालेल्या हाणामारीत सापडलेला. तो रिकाम्या डब्यावर असा ठेका धरायचा की माझ्या पेटीची लाज झाकली जायची. मी एकदा त्याला विचारलं, तू काहून येतो आमच्यात? तो म्हणाला, "मी देव नाई मानत, भाऊ. ठेका मानतो. तू दोन्ही बिघडवून राहिला म्हणून येतो."

आता त्या शब्दाकडे येतो. बाबांचा आवडता विषय म्हणजे मोह. माणूस पापाकडे कसा ओढला जातो, हे ते फार कळवळून सांगत. "बंधूंनो, मोहाचा त्याग करा. मोहानं घरं उद्ध्वस्त होतात. मोह सुरुवातीला गोड लागतो." निंबाखाली बसलेली सगळी डोकी हलायची. कोणी उसासा टाकायचा, कोणी कपाळाला हात लावायचा. बाबांनी शहरातल्या देवळात इतकी एकाग्र मंडळी कधी पाहिली नव्हती. घरी येऊन आईला सांगायचे, "त्या लोकांचं अंतःकरण मऊ आहे. मोह शब्द उच्चारला की हलतात." आई पदर तोंडाला लावून चुलीकडे वळायची. कारण आमच्याकडे मोह हे झाड आहे. त्याच्या फुलाची दारू होते, आणि निंबाखालचे निम्मे त्या दारूपायीच तिथे बसले होते. त्या झाडाला हिंदीत महुआ म्हणतात एवढं बाबांनी ऐकलं होतं. आम्ही त्याला काय म्हणतो ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पाळकाच्या घरात दारूच्या फुलाचं नाव कोण काढणार? एकदा तर एका म्हाताऱ्या कैद्यानं हात वर करून विचारलं, "पादरीबाबा, मोह पुरा सोडला त म्हशीले काय चारू?" बाबांना वाटलं हा दृष्टांतात बोलतो आहे. त्यांनी पुढचा आख्खा रविवार म्हशीवर घालवला.

सोमाजी हा त्या हातभट्टीवाल्यांतला, पण आमच्या चार-पाचांतलाही. आंबागडच्या डोंगराखालच्या गावचा. त्याचा आजा मिशनच्या जुन्या माणसांबरोबर राहिलेला, त्यामुळे सोमाजीचा बाप्तिस्मा लहानपणीच झाला होता आणि भट्टीही लहानपणीच लागली होती. उंच, वाकलेला, भरघोस मिशांचा माणूस. बोलणं असं की जणू प्रत्येक शब्दाला जकात पडते. ही त्याची तिसरी खेप. गावच्या मंडळीनं त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवलं होतं, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस फिरायला लागले की यानं उठून बाहेर बसायचं. त्याचं त्याला काही वाटत नसे असं तो म्हणायचा. पण या खेपेला त्याची बायको शेवंता भेटायला आली आणि जाळीतून म्हणाली, "मी आता तुमचं बोलणं नाई मानत. पादरीबाबाच्या हातून पेला घेतला, असं त्याइनं स्वतः येऊन सांगितलं, तरच दार उघडीन. नाई त तुमसरले मायकडे चालली." आणि ती बोलली ते करणारी बाई होती. सोमाजीनं त्या दिवसापासून बाबांची पाठ धरली. सगळा हिवाळा तो बाबांसमोर बसून शिकला, प्रश्न विचारले, रडलाही. तुरुंगात दारू येत नाही असं बाहेरच्यांना वाटतं; येते. त्याला दोनदा देऊ केली गेली, दोन्ही वेळा त्यानं पाठ फिरवली. बाबांनी ठरवलं, पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, त्याला पुन्हा प्रभुभोजनाच्या मेजावर घ्यायचं. त्यानंतरच्या आठवड्यात त्याची सुटका होती.

अडचण एकच होती, नवे जेलरसाहेब. माणूस भला, पण ताजाच होरपळलेला. आमच्या आधी गुरुवारी एक भजनी मंडळ यायचं, त्यांच्या ढोलकीतून विड्यांचे कट्टे निघाले. मंडळ बंद झालं. जेलरसाहेबांनी बाबांना बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "पादरीजी, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण एक जरी भानगड झाली, तर तुमचा रविवार मी कायमचा बंद करीन. मग मला देवाच्या नावानं काही सांगू नका." बाबा म्हणाले, "आमच्याकडे लपवायला काय आहे? एक पेटी आणि हा मुलगा." जेलरसाहेबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. त्यांची माणसाची पारख चांगली होती, हे मला पुढे कळलं.

प्रभुभोजनाचा द्राक्षरस आमच्याकडे आई करायची. बाटलीतला विकतचा रस तेव्हा मिळत नव्हता आणि खऱ्या वाइनला बाबा घरात घेत नसत. आई काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, उकळून गाळायची. नेमकं त्या आठवड्यात तुमसरला मावशी बाळंत झाली आणि आईला जावं लागलं. जाताना मला डबा दाखवून म्हणाली, "शहरच्या देवळाची बाटली भरून ठेवली आहे. तुरुंगाची तू करजो. मनुका रातभर भिजवजो, सकाळी उकळजो, मंग गाळजो. आन एकही तोंडात टाकू नको." हे शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं. तोवर त्या डब्याकडे माझं लक्षही नव्हतं. ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात घरात गोड होत नसे, आणि मी मनुका खाल्ल्या नाहीत, फक्त तपासल्या. रोज थोड्या थोड्या तपासल्या. गुरुवारी भिजवायला डबा उघडला तेव्हा त्यात देठं होती.

इथे शहाणा माणूस बाजारात गेला असता. माझ्या डोक्यात मात्र प्रकाश पडला. शेजारच्या गवळणीच्या ओसरीवर वाळलेल्या मोहफुलांचं पोतं होतं, म्हशीसाठी. वाळलेलं मोहफूल तुम्ही पाहिलं असेल तर सांगा, मनुकेपेक्षा त्यात काय वेगळं आहे? तोच तपकिरी रंग, त्याच सुरकुत्या, चव गोड. आणि दारू तर भट्टीवर होते, मी काही भट्टी लावणार नव्हतो. मी ओंजळी-ओंजळीनं फुलं आणली आणि मडक्यात भिजवली. आईनं रातभर सांगितलं होतं, पण रंग चांगला यावा म्हणून मी रविवार सकाळपर्यंत ठेवली, तेही चुलीजवळ, एप्रिलच्या उकाड्यात. मडक्यावर फेस आला. मला वाटलं, वा. उकळायचं होतं, पण फेसाच्या आनंदात ते राहून गेलं. बाबांच्या स्वच्छ रुमालातून गाळून बाटली भरली आणि बूच लावलं. बूच दोनदा आपोआप उडालं. तिसऱ्यांदा मी त्याला दोऱ्यानं बांधलं. नापास कॉलेजात मी केमिस्ट्री घेतली होती, हेही इथे नमूद करायला हरकत नाही.

फाटकावर त्या दिवशी साताऱ्याकडचा शिपाई होता. नियमाप्रमाणे त्यानं पेटीचा भाता उघडून पाहिला, भाकरीचं फडकं सोडून पाहिलं, बाटलीचं बूच काढून नाक लावलं. "काकवीगत वास येतोय की," म्हणाला आणि बूच दोऱ्यानं परत बांधलं. त्याच्या मुलखात मोह नाही. त्याच्या जागी आमच्याकडचा कोणीही असता, तर हे प्रकरण इथेच संपलं असतं आणि मी ते लिहायला बहुधा राहिलो नसतो.

निंबाखाली त्या दिवशी गर्दी होती. सण म्हणून जेलरसाहेब स्वतः खुर्ची टाकून बसले होते, बाबांपासून दोन हातांवर. गीत झालं, उपदेश झाला. उपदेश अर्थातच मोहावर होता, आणि सोमाजी त्यात अध्याहृत असल्यामुळे बाबा दर दुसऱ्या वाक्याला त्याच्याकडे पाहत होते. मग त्यांनी भाकर मोडली, पेला पुढे घेतला. तो पेला आमच्याच गल्लीत घडलेला, आतून कल्हई केलेला, लखलखीत. बाबांनी बाटलीचा दोरा सोडला, आणि बूच असं उडालं की जेलरसाहेबांच्या मांडीवर पडलं. त्यांनी ते सौजन्यानं परत दिलं. त्यांना सर्दी नव्हती, पण वासही येत नसे. ते सिगारेट फार ओढत, देवाची कृपा. बाबांनी पेल्यात ओतलं आणि वास निंबाखाली पसरला.

मला तो वास आला तेव्हा मी पेटीवर होतो. हाताखालचा सूर तसाच दाबलेला राहिला आणि पेटी एकाच आवाजात रडत राहिली. समोरच्या माणसांची नाकं एकामागून एक वर झाली, जशी रानात गुरांची होतात. मिलिंद माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "भाऊ, कोणत्या गावची?" मागून कोणी पुटपुटलं, "सडवा होय गा, अजून भट्टीवर चढला नाई." भिजून आंबलेल्या फुलांना सडवा म्हणतात. चूप, चूप, अशी कुजबुज झाली. बाबा डोळे अर्धे मिटून पवित्र शब्द म्हणत होते. त्यांना तो वास ओळखीचा नव्हता, त्यांच्यासाठी तो द्राक्षरसच होता. आणि पहिला उभा होता सोमाजी.

पेला त्याच्या मिशीपर्यंत आला आणि तो थांबला. त्या माणसानं आयुष्यभर ज्याची भट्टी लावली, ते त्याच्या नाकाखाली होतं, पाळकाच्या हातात, पवित्र म्हणून. प्यावं तर सगळा हिवाळा पाण्यात जाणार. नाही म्हणावं तर का म्हणून विचारणार, आणि जेलरसाहेब दोन हातांवर. खरं सांगितलं तर बाबांचा रविवार कायमचा बंद. घेतलाच नाही तर शेवंताचं दार बंद. त्यानं आधी पेल्याकडे पाहिलं, मग बाबांकडे आणि मग माझ्याकडे. त्या नजरेत राग नव्हता. मडक्याला तडा गेलेला दिसला की माणूस जसा पाहतो, तसा तो पाहत होता: कुठून गळते आहे.

"पादरीबाबा," तो म्हणाला, "पयले मले प्रार्थना करू द्या. मोठ्यानं."

सोमाजी चारचौघांत कधी प्रार्थना करत नसे. बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी पेला मेजावर ठेवला आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. जेलरसाहेबांनी टोपी काढून डोळे मिटले. मीही मिटणार होतो, पण सोमाजीचे डोळे उघडेच होते आणि ते माझ्यावर रोखलेले होते.

"आकाशातल्या बापा," त्यानं सुरुवात केली, "आमचे डोळे मिटले, तुहे उघडे आहेत. तू सगळं पाहून राहिला. ह्या जागी एक वस्तू चुकून आली, बापा. आणणाऱ्याच्या मनात पाप नोहतं. अक्कल नोहती."

"आमेन," बाबा म्हणाले.

"बापा, जो पोट्टा बाजा वाजवते, त्याले उठव. हळूच उठव. चपला काढून उठव."

मी चपला काढून उठलो.

"त्याच्या एका हाती पेला दे, एका हाती बाटली दे. त्याले निंबाच्या बुडाशी ने, बापा, तिथं माती भुसभुशीत आहे. जे जुनं आहे, ते मातीत मिळव."

"आमेन," बाबा म्हणाले. "आमेन," जेलरसाहेबही पुटपुटले.

मी बाटली उपडी केली.

"घाई नोको करू देऊ, बापा. बुडबुड आवाज होते."

मागे कोणाला तरी हसू आलं आणि त्याचा खोकला झाला, खोकल्याची साथ पसरली. मिलिंदनं डब्यावर बोटांनी हलका ठेका धरला, भक्तीत बुडाल्यासारखा, आणि त्याच्याखाली बाकीची बुडबुड झाकली गेली.

"आता त्याले माठाकडं ने, बापा. निर्मळ पाण्यानं भर. पन पयले धुव. एकडाव नाई, दोनडाव धुव. हा वास भल्ला चिवट असते, मले माहीत आहे."

मी धुतलं, पुन्हा धुतलं, भरलं. पेला पुसून मेजावर ठेवला आणि मांडी घालून पेटीमागे बसलो. आता सोमाजी आमेन म्हणेल असं मला वाटलं. पण तो थांबला नाही. त्याचा आवाज उतरला आणि त्यानं डोळे मिटले.

"बापा, हा पादरी दुरून आला. याले आमची बोली समजत नाई. तरी हा येते. उन्हात येते, सायकल घेऊन येते. आम्हाले कोणी पाहाले येत नाई, हा येते. याचं येणं बंद नोको पडू देऊ. मले आणखी काही नाई मागाचं."

कोणी खोकलं नाही. मिलिंदची बोटंही थांबली होती.

बाबांनी पेला उचलून त्याच्या ओठांना लावला. सोमाजी प्याला, मिशी पुसली आणि खाली बसला. मग बाकीचे तिघे-चौघे. सर्वांत शेवटी बाबा स्वतः. त्यांनी घोट घेतला आणि जरा थांबले. पेल्यात पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग निंबाच्या बुडाशी, तिथे मुंग्यांनी रांग धरली होती. आणि त्यांनी नेहमीच्या शांत आवाजात आशीर्वाद दिला. जेलरसाहेब उठून बाबांचा हात हातात घेऊन म्हणाले, "त्या माणसाची प्रार्थना ऐकून मला आईची आठवण झाली, पादरीजी. चालू ठेवा तुमचा रविवार."

परतीच्या वाटेवर बाबा पुलापर्यंत आले. मग सायकल थांबवून म्हणाले, "नत्थू, पेल्यात पाणी होतं."

"हो."

"आणि त्याच्या आधी?"

"मोह."

"कोणता मोह?" बाबांनी विचारलं.

भर रस्त्यात, पेटी धरून, मी त्यांना सांगितलं की मोह हे झाड असतं. कसलं झाड, फुलाचं काय होतं, आणि निंबाखालचे लोक मोहाचं नाव काढलं की उसासे का टाकतात. बाबांनी सायकल पुलाच्या कठड्याला टेकवली आणि तिच्याशेजारी बसले. "म्हणजे मी वर्षभर एका झाडाविरुद्ध बोलत होतो?"

"झाडाविरुद्ध नाही, बाबा. फुलाविरुद्ध."

"आणि ती म्हैस?"

"ती खरीच म्हैस होती."

मला वाटलं आता काही खरं नाही. बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, खांदे हलू लागले. ते रडत आहेत असं वाटून मी पुढे झालो, तर ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत. हसून झाल्यावर गंभीर झाले. "पण पाण्यानं प्रभुभोजन झालं का रे? शेवंताला मी काय सांगू?" त्या दिवसापुरता माझा सल्ला देण्याचा हक्क संपला होता. ते स्वतःशीच म्हणाले, "काना गावच्या लग्नात प्रभूनं पाण्याचा द्राक्षरस केला, तेव्हाही आधी पाणीच भरावं लागलं होतं. आपण आपलं अर्धं काम केलं. उरलेलं त्याचं."

पण शेवंताला खोटं सांगायचं नाही यावर ते ठाम होते. सोमाजी सुटायच्या आदल्या दिवशी आम्ही एसटीनं तुमसर आणि तिथून आंबागडच्या वाटेनं त्याच्या गावी गेलो. मला त्यांनी मुद्दाम नेलं. आज तो रस्ता गुळगुळीत झाला आहे, त्या दिवशी मात्र प्रत्येक खड्ड्यात मी आत्म्याची तयारी करत होतो. शेवंता अंगणात बसली होती. अंगणभर चटयांवर मोहफुलं वाळत घातलेली, बाजारात विकायची. तिनं पाण्याचा लोटा दिला आणि उभी राहिली.

"पेला घेतला त्याइनं?" तिनं विचारलं.

"घेतला," बाबा म्हणाले. "पण बाई, खरं सांगतो, पेल्यात द्राक्षरस नव्हता. पाणी होतं."

"पानी काहून?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं: डबा, गवळणीचं पोतं, फेस, बूच, निंबाचं बूड. सांगताना मी तिच्या चटईकडे पाहत होतो, तिच्याकडे पाहायची हिंमत नव्हती. शेवटी खाली वाकून तिनं एक फूल उचललं आणि बोटांत फिरवलं.

"म्हंजे मोह त्याच्या तोंडापर्यंत गेला होता?"

"हो."

"पादरीबाबाच्या हातून? आन कोणी काही म्हणणार नोहतं?"

"कोणी म्हणणार नव्हतं," मी म्हणालो.

"आन त्यानं मोह नाई पेला."

"नाही."

तिनं ते फूल परत चटईवर ठेवलं, बाकीच्यांच्या ओळीत, नीट. मग बाबांना म्हणाली, "पादरीबाबा, राग नोको मानू. तुमच्या त्या रसानं मले काही समजलं नसतं. रस त कोणीही पेते. ह्या पोट्ट्याच्या मोहानं समजलं." आणि आत जाऊन तिनं घराचं दार सताड उघडलं, उद्या येणार होता तो माणूस, तरी आजच. आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. मोहफुलं घालून केलेल्या गोड पुऱ्या होत्या. बाबांनी पहिल्यांदाच मोह खाल्ला, आणि दुसऱ्यांदाही मागून घेतला.

सोमाजीनं पुन्हा भट्टी लावली नाही. दरवर्षी उपासाचा काळ सुरू झाला की तो तुमसरच्या बाजारातून काळ्या मनुकांचा पुडा घेऊन आमच्या दारात यायचा आणि तो थेट आईच्या हातात द्यायचा. "बाईजी, पोट्ट्याले दाखवू नोका," एवढंच बोलायचा. मी पुढे पास झालो, नोकरी केली, नातवंडांचा आजा झालो, तरी तो गेला तोपर्यंत पोट्टाच राहिलो. बाबांनंतर पेटी माझ्याकडे आली आणि रविवारची दुपारही. अजूनही तीच तीन गीतं वाजवतो.

माझ्याबद्दल आता मंडळीत एकच तक्रार आहे, की मी प्रार्थना फार लांबवतो. भात निवतो, पोरं चुळबुळ करतात, नात तर मध्येच खुणा करते. आणि परवा तिनं मला पकडलं: "आबा, तुम्ही डोळे उघडे ठेवता." ठेवतो. सगळ्यांनी डोळे मिटलेले असतात तेव्हा मी जरा आजूबाजूला पाहून घेतो. कोणाची तरी बाटली बदलायची राहिलेली असते. त्याला माठापर्यंत जाऊन यायला वेळ मिळावा, म्हणून मी आमेन म्हणत नाही.